बारी नंबर दोन, खोली नंबर दोन

कार्ले,
मंगळवार, दुपारचे तीन

तीर्थरूप सौ. अंबूमामी यांच्या पायांवर त्यांच्या स्नेहलचा डोकं टेकवून नमस्कार.

आपला उजवा गुडघा कसा आहे? तेल लावता की बाटली नुसती खिडकीत उभी आहे? काळी गाय व्याली का? आम्ही सगळे इकडे सुखरूप आहोत, आपणही असाल. (मामी, मायन्यात ‘आपण’ म्हणायचं असतं म्हणून म्हटलं. इथून पुढं मला ते जमणार नाही. ज्या बाईनं सहा वर्षं माझी वेणी घातली, तिला ‘आपण’ म्हणताना पेन अडखळतं.)

तर मामी, रविवारपासून तुझा फोन बंद आहे. मी एकोणीस वेळा लावला. मामांनी किती वेळा लावला ते ते सांगत नाहीत, पण त्यांचा फोन दिवसातून दोनदा चार्जिंगला लागतो. शेवटी काल कैलास दुधाचा टेम्पो घेऊन इंदुरीहून आला, त्याच्या तोंडून तुझा निरोप मिळाला : “माज्या राजाच्या शेवटच्या बारीला मुलुंडकराचं नाव का पुकारलं, ते खरं खरं सांगा. तोवर त्यो बी नको नि ती बी नको.” तो म्हणजे मामा आणि ती म्हणजे मी. म्हणून हे पत्र. यात एक शब्द खोटा नाही. वाचून झाल्यावर तू आम्हाला ठेव किंवा टाक, पण पूर्ण वाच. मधे थोडं संगणकाचं येईल, ते गाळू नकोस, कारण सगळं तिथंच घडलंय.

गेल्या वर्षी वाडीच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीच्या बाऱ्यांची, म्हणजे पाळ्यांची, वही चहात पडली आणि कोणाची बारी कितवी यावरून माऊलीला, म्हणजे माईकवर पुकारणाऱ्याला, मार बसला. त्यामुळे यंदा कमिटीचे लोक माझ्याकडे आले. म्हणाले, ताई, तुमी हिंजवडीला कंपनीत लिवता ते काय असंल ते, आमाला बाऱ्यांचं एक करून द्या. मी हरखले. मामी, मला चव्वेचाळिसावं चालू आहे. हापिसातली मुलं मला ‘मॅम’ म्हणतात आणि काही नवीन आलं की ते मला हळू आवाजात, नीट सुटं करून समजावतात, जसं आपण आजारी माणसाला औषधं समजावतो. वीस वर्षं मी जावा नावाच्या भाषेत संगणकाला कामं सांगतेय. पण माझं एकही काम माझ्या माणसांनी कधी पाहिलं नाही. कुठल्यातरी परदेशी बँकेच्या पोटात ते चालतं. पहिल्यांदाच कोणीतरी मला माझ्या शिवारातलं काम सांगत होतं.

अडचण विजेची होती. टेबलं तीन : एक देवळाच्या कचेरीत नोंदीला, एक घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, माऊलीच्या माईकपाशी, एक त्याच्याही वर, सेकंद मोजणाऱ्यांचं. तिघांना एकच यादी दिसायला हवी आणि कुठलं एक बंद पडलं तरी यादी जायला नको. यासाठी पूर्वी आम्हाला तीन आठवडे लागायचे. माहिती ठेवायची जागा वेगळी, तिच्याशी बोलणारा भाग वेगळा, सेटिंगच्या फायली एवढ्या की प्रोग्रॅम राहायचा बाजूला आणि आम्ही फायलीच निवडत बसायचो. आणि आता! मामी, मी एका संध्याकाळी केलं. खरंच. भाकऱ्या थापायच्या आधी बसले आणि भाकऱ्या थापून झाल्यावर ते चालत होतं.

तुला कसं सांगू? यात्रेच्या स्वयंपाकाचं बघ. तू, आक्काबाई आणि येसूबाई हजार पानांचं रांधता, कोणी काही लिहून ठेवत नाही. मिठाचा अंदाज आक्काबाईच्या डोक्यात, तांदळाचा येसूबाईच्या, पण प्रत्येकीला दुसरीचाही थोडा ठाऊक. त्या वर्षी आक्काबाईला ताप आला तरी वरण अळणी झालं नाही, कारण येसूबाईनं तिचा अंदाज मनात धरून ठेवला होता. हे अगदी तसंच आहे. माहिती कुठल्या एका पेटीत कोंडायची नाही. सगळ्या लॅपटॉपच्या चालत्या आठवणीत वाटून ठेवायची, प्रत्येक नोंदीची एक प्रत शेजारणीकडे. एक बंद पडली की दुसरी म्हणते, असू दे, मला माहीत आहे. मी तीन लॅपटॉप स्वयंपाकघरात ओळीनं मांडले आणि मधल्याची वायर खसकन ओढली. (त्याची बॅटरी कधीचीच मेलेली आहे.) उरलेल्या दोघांनी सगळी नावं जशीच्या तशी दाखवली. मी एकटीच टाळ्या वाजवत होते. तुझा जावई अतुल, त्याला वाटलं मांजर हाकलतेय.

आणि मांडामांड तर त्याहून गोड. तू माझ्या घरी आलीस की काय करतेस? काही विचारत नाहीस. फडताळ उघडतेस, गूळ-खोबरं दिसलं की सारण करायला घेतेस, सुकट दिसली की चटणी. पण मी आधीच माझं पातेलं चुलीवर चढवलेलं असेल, तर हात मागं घेतेस आणि गुपचूप भाजी निवडायला बसतेस. आताचा प्रोग्रॅम तसाच वागतो. सुरू होताना बघतो, फडताळात काय काय ठेवलंय, आणि त्याप्रमाणे सगळं स्वतः लावून घेतो. मी काही वेगळं सांगितलं असेल तिथं माझं ऐकतो. जिथं मी काही सांगितलं नाही, तिथं त्याच्या मनानं करतो. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेव मामी. माझा गुन्हा त्याच वाक्यात बसलाय.

लॅपटॉप सुरू झाला की तो वायफायवर हाळी देतो : इथं आपल्या भावकीतलं कोणी आहे का? ज्याचं आडनाव तेच, तो ‘ओ’ देतो आणि पंगतीत येऊन बसतो. आडनाव आपण ठेवायचं असतं. नाही ठेवलं तर कारखान्यातून एक तयार आडनाव येतं, सगळ्यांना तेच. मी ठेवलं नाही. म्हटलं, एवढं सगळं आपोआप झालंय, तर तेही असू दे.

आता अतुलचं ऐक. घरच्या चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो हे तुला माहीतच आहे. त्या खोल्यांच्या नोंदीचा प्रोग्रॅम मीच जानेवारीत केला होता, आणि बाऱ्यांचा प्रोग्रॅम मी त्याचीच नक्कल करून केला. खोली होती तिथं बारी, पाहुणा होता तिथं गाडामालक, एवढंच बदललं. (स्वयंपाकात आपण नाही का करत, आमटी उरली की तिचंच पिठलं.) म्हणजे अतुलच्या लॅपटॉपचं आडनावही तेच, कारखान्यातलं. तरी काही बिघडलं नसतं, कारण देवळाची कचेरी आणि आमचं घर यांचा काही संबंध नव्हता. पण कचेरीत नेटला रेंज नाही. म्हणून अतुलनंच, मदत म्हणून, आमच्या टाकीवर अँटेनाची एक थाळी बसवून घरचं वायफाय देवळापर्यंत आणि घाटापर्यंत पोचवलं. सगळ्या वाडीनं त्याचं कौतुक केलं. मीही केलं.

शनिवारी पाच वाजता कचेरीत चिठ्ठ्या काढल्या. मी लॅपटॉप लावले आणि स्क्रीनवर आलं : सदस्य चार. मामी, मी तीन लॅपटॉप नेले होते! कोणत्याही शहाण्या बाईनं विचारलं असतं, बाबा, हा चौथा कोण? मला वाटलं, कमिटीतल्या कोणीतरी आपला लॅपटॉप जोडला. मला आनंदच झाला. यात्रेत आलेल्या माणसाला कोणी विचारतं का, तू कोणाचा म्हणून? वाढायला घेतो. तसं मी त्याला वाढायला घेतलं.

दुसरीच चिठ्ठी मामांची निघाली. बारी नंबर दोन : सीताराम, इंदुरी, बैल राजा आणि मंडळी. मामांच्या फोनवर मेसेज गेला, “आपली बारी क्रमांक दोन.” लगेच आणखी एक गेला, कारण ती नोंद अतुलच्या लॅपटॉपनंही आपलीच समजून उचलली : “आपल्यासाठी खोली क्रमांक दोन राखून ठेवली आहे. नदीकडची बाजू. दोन जण, नाश्त्यासह. ताबा सकाळी नऊ वाजता.” मामांनी तो मेसेज खात्रीसाठी तीन जणांकडून वाचून घेतला. मग माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला वाटलं, बारी लवकर आली म्हणून खूश आहेत. त्यांना वाटलं होतं, भाचीनं मामाची सोय केली.

घरी अतुलनं स्क्रीन बघितली. खोली दोन : सीताराम, इंदुरी. त्याला वाटलं, मी परस्पर मामांना खोली दिली. बाकीच्या तिन्ही खोल्यांतही गाडामालकांची नावं होती, पण त्या खोल्यांना नुकताच रंग दिलेला असल्यामुळे त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. त्याच दिवशी मुलुंडचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं येणार होतं, सत्यम आणि प्रतीक्षा. अतुल म्हणतो, “मी म्हटलं, मामा काय, घरातलेच, हॉलमध्ये झोपतील.” असं म्हणून त्यानं मामांचं नाव पुसलं आणि त्या जागी जोडप्याचं घातलं. मला विचारलं नाही, कारण भांडण होईल. मी त्याला चौथ्या सदस्याबद्दल विचारलं नाही, कारण मी आनंदात होते. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली मामी, आणि आमच्या दोघांपेक्षा ते चार लॅपटॉप एकमेकांशी जास्त बोलत होते.

जोडप्यालाही दोन मेसेज गेले. एक खोलीचा. दुसरा असा : “आपली बारी क्रमांक दोन. गाडा, बैल व मंडळींसह सकाळी घाटात हजर राहावे. बैलांना इजा करू नये. हुकुमावरून, यात्रा कमिटी.” प्रतीक्षाला वाटलं, खोलीसोबत हेही मिळतं. रविवारी ती नवऱ्याला पांढरे बूट घालून तयार ठेवून होती. नाश्त्याला मला विचारलं, “ताई, बैल तुमच्याकडूनच मिळतात ना?” मी पोहे ढवळत ‘हो हो’ म्हटलं. मला वाटलं, बघायला मिळतात का, असं विचारतेय.

आता मामा बारीला जागेवर का नव्हते, हे तुला बोचत असेल. त्यांचं चुकलं नाही. नऊला ताबा, असं लिहिलेलं, म्हणून नऊला ते बैल घेऊन आमच्या अंगणात आले, राजाला आंब्याखाली बांधलं, पाणी दाखवलं आणि स्वतः चहाला बसले. नऊची वेळ दिलेल्या शर्यती दहाच्या आत कधी सुरू झाल्यात का? मामांना चाळीस वर्षांचा अनुभव. पण यंदा यादी तयार होती, भांडण नव्हतं, त्यामुळे ठरल्याप्रमाणे नऊला पहिली बारी सुटली. ते अजून मला तेच ऐकवतात : “शर्यत येळेवर सुरू केलीस, हितंच चुकलीस.”

चहाचा कप खाली ठेवायच्या आत भोंग्यावरून माऊलीचा आवाज आला. तो तू ऐकलासच. आपली सगळी आळी तू ओट्यावर गोळा केली होतीस आणि फोन तांब्याला टेकवून लाइव्ह लावला होतास, हे मला कैलासनं सांगितलं.  ज्या राजाची आई गेल्यावर तू त्याला बाटलीनं दूध पाजलंस, ज्याला थंडीत तुझी गोधडी घातलीस, त्याचं नाव ऐकायला तू बसलीस आणि ऐकलंस काय, तर, “बारी नंबर दोन! गाडामालक सत्यम आणि प्रतीक्षा, मुक्काम मुलुंड! नदीकडची बाजू! एक जादा गादी! जेवण शाकाहारी!”

माऊलीला मी नंतर विचारलं, अरे, गादी काय, शाकाहारी काय, जरा थांबायचंस तरी. तो म्हणाला, “ताई, गेल्या सालाला मनानं बोललो नि मार खाल्ला. औंदा ठरवलं, स्क्रीनवर हाय त्येच बोलायचं, देव आला तरी.” त्याचंही बरोबर.

इकडं मामा राजाचं दावं सोडून बैलांसकट धावत सुटले, सत्तर वर्षांचा माणूस, एका पायात चप्पल. घाटात ते जोडपं निशाणापाशी उभं होतं, प्रतीक्षा लोकांना नमस्कार करत होती आणि लोक तिला नमस्कार करत होते, कारण दुसरं काय करावं कोणालाच कळत नव्हतं. मामांनी बैल जुंपले. कमिटी म्हणाली, बैल आहेत, बारी दोन आहे, सोडा. माऊलीनं पुन्हा तेच नाव पुकारलं. आणि राजा सुटला.

तुला फोनवर दिसलं असेल, पण मी तिथं होते, म्हणून सांगते. राजानं मान खाली घातली आणि तो असा गेला की मागं फक्त धूळ उभी राहिली, त्याच्या उंचीची. तेरा सेकंद आणि थोडं. दुपारी सगळ्या बाऱ्या संपल्या तेव्हा दुसरा नंबर. मामांनी टोपी काढून हातात घेतली आणि त्यांना पुढं काय करायचं ते आठवेना. भोवती सगळे मुलुंडचं अभिनंदन करत होते. प्रतीक्षा रडत होती. म्हणाली, “ताई, हे बैल आमचे नाहीत ना?” मी म्हटलं, नाहीत गं. तिनं ढाल मामांच्या हातात दिली आणि पाया पडली. पोर चांगली आहे. पण ढालीवर रंगवणाऱ्यानंही स्क्रीनवरूनच नाव घेतलं होतं.

मामा माझ्याशी एवढंच बोलले : “त्यांनी माजी बारी घेतली. आता त्यांची खोली माजी.” आणि खोली नंबर दोनमध्ये जाऊन आतून कडी लावली. जोडपं आनंदानं ओल्या रंगाच्या खोलीत गेलं आणि सोमवारी, पाठीला निळा रंग घेऊन, मुलुंडला गेलं. मामा अजून तिथंच आहेत. राजा आंब्याखाली. पर्यटक राजाबरोबर फोटो काढतात, मामा त्यांना रांगेत उभं करतात.

चूक कोणाची, तर माझी, मामी. जावाची नाही, वायफायची नाही, माऊलीची नाही. तीन नेले आणि चार दिसले, तेव्हा मी मोजायला हवं होतं. एवढ्या वर्षांनी काहीतरी इतकं सहज, इतकं सुंदर जमलं की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, हाताकडे बघितलंच नाही. आता दोन्ही प्रोग्रॅमना वेगवेगळी आडनावं दिली आहेत. बाऱ्यांचं नाव ‘राजा’ ठेवलंय. आणि तुला खरं सांगू? इतकं होऊनही, ते तीन लॅपटॉप एकमेकांना हाक मारायचे ते आठवलं की मला अजून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. रागावू नकोस. तूच शिकवलंयस, भाकरी करपली म्हणून तव्यावर रुसू नये.

फोन चालू कर. निदान मामांचा घे. घरातल्या सगळ्यांना नमस्कार, काळीला चारा.

तुझी,
स्नेहल

ता. क. मामांच्या रक्तदाबाच्या गोळ्या उद्याच्या पुरत्याच आहेत. कैलासबरोबर पाठवल्यास चालतील. पण तो गोळ्या विसरतो, तुला माहीत आहे. कोणीतरी स्वतः घेऊन आलेलं बरं.

ता. क. २. मामा राग म्हणून राहिले आहेत, असं वर लिहिलंय. ते खरं, पण पहिल्या रात्रीपुरतंच. काल चहाच्या वेळी मी त्यांना म्हटलं, चला, सोडून येते इंदुरीला. तर म्हणाले, “अंबूला काय तोंड दाखवू? तिनं पाजला त्याला, नि नाव पुकारलं गादीचं.” रोज नाश्त्याला दोन खुर्च्या ओढतात. एकीवर बसतात, दुसरीवर टोपी ठेवतात. काल अतुलला त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “त्या मेसेजमधी दोन जण लिवलंय, त्ये अजून हाय का खोडलं?”

ता. क. ३. पत्र कशासाठी लिहिलं ते आता सांगते. घाटातले भोंगे गुरुवारी संध्याकाळी उतरवणार आहेत. माऊली त्याआधी बारी नंबर दोन पुन्हा पुकारायला तयार आहे. राजा धावणार नाही, नुसता चालेल, गळ्यात माळ घालून. या वेळी नाव मी स्क्रीनवर घातलंय : “गाडामालक सीताराम आणि अंबूबाई, मुक्काम इंदुरी.” चाळीस वर्षांत तुझं नाव एकदाही भोंग्यावर आलं नाही, हे मला परवा त्या धुळीत उभं असताना कळलं. खिडकीतून जी नदी दिसते ती पुढं तुझ्याच गावाला येते. या वेळी तू तिच्याकडे ये.

ता. क. ४. ही नोंद फक्त लॅपटॉपच्या चालत्या आठवणीत आहे, हे मात्र तुला सांगायचं राहिलं. निदान एकजण जागा आहे तोवर आठवण राहते. सगळे एकदम बंद झाले की गेली. मागून आणलेले बाकीचे दोन मी परत केले. माझा एकच इन्व्हर्टरवर जागा ठेवलाय. अतुल म्हणतो, कागदावर लिहून ठेव की. लिहिलंय, हेच ते. तरी तू गुरुवारी दुपारच्या आत ये.

ता. क. ५. कैलासच्या हाती द्यायला पाकीट बंद करताना मामांनी पत्र मागून घेतलं. चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाले, निम्मं खोटं हाय, टोपी मी उनानं काढली होती. मग चष्मा खिशात ठेवून म्हणाले, यात एक लिव : “जादा गादी नको म्हणावं. गोधडी आण, राजाची.”